तीस रुपयांचा कारकून

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा त्यांची अपेक्षा आम्ही ओळखली. दक्षिणेत राहणाऱ्या मराठी माणसाने लेखणी उचलली की ती आपोआप तंजावरच्या वाटेला लागते. व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय यांवर आपल्या मंडळात पुष्कळ बोलले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्हीही त्याच मुलखात जाणार आहो, परंतु राजवाड्यात नव्हे. तंजावरपासून जवळच कुंभकोणम आहे. तेथील सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर, एका लहानशा घरात, कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाचा मुलगा वाढला आणि पुढे आपल्या या शहरात तो स्वतःही कारकून झाला. त्याचे चरित्र आम्हांस सांगावयाचे आहे.

श्रीनिवास रामानुजन हे नाव ऐकले नाही असा वाचक आपल्यात सापडणार नाही. केंब्रिजच्या हार्डींना गेलेले पत्र आणि टॅक्सीचा तो १७२९ क्रमांक या गोष्टी मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही आल्या आहेत. त्या पुन्हा सांगून आम्ही जागा अडवीत नाही. आम्ही बी. ए. झालेले, गणित पहिल्या वर्षानंतर सोडून दिलेले, आणि तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत घालविलेले गृहस्थ. रामानुजन यांचे चरित्र वाचताना आमचे लक्ष सूत्रांकडे न जाता दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. केंब्रिजला पत्र जाण्यापूर्वी हा मनुष्य किती सरकारी टेबलांपुढे उभा राहिला, आणि त्या टेबलांमागच्या माणसांनी काय केले, हे आम्ही मोजू लागलो.

जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, आजोळी, इरोड येथे. वडील श्रीनिवास अय्यंगार. आई कोमलताम्मल या देवळात भजने गात. कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलात मुलगा हुशार म्हणून गाजला. १९०३ च्या सुमारास कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीवाल्याने संकलित केलेला गणिताचा एक जाडजूड ग्रंथ त्याच्या हाती पडला. त्यात हजारो सिद्धांत ओळीने दिलेले, सिद्धता मात्र बहुधा त्रोटक किंवा नाहीतच. परीक्षेसाठी उजळणी करणाऱ्यांना उपयोगी पडावे एवढाच त्याचा हेतू. त्या मुलाने ते सिद्धांत स्वतः सिद्ध करावयास घेतले आणि तो उरलेल्या जगाला पारखा झाला. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजीत नापास झाल्यामुळे ती गेली. १९०५ मध्ये तो घरातून निघून विशाखापट्टणमपर्यंत गेला. १९०६ मध्ये मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात नाव घातले. तेथे शरीरशास्त्राने घात केला. एफ. ए. च्या परीक्षेत दोनदा अपयश आले. १९०९ मध्ये लग्न झाले. वधू जानकी तेव्हा दहा वर्षांची होती. वय एकवीस, पदवी नाही, नोकरी नाही, पदरी पत्नी, आणि हाताशी सूत्रांनी भरलेल्या मोठमोठ्या वह्या. आपल्या घरी असा जावई असता तर आपण काय म्हटले असते, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

१९१० मध्ये रामानुजन वह्या घेऊन तिरुकोयिलूरला गेले. तेथे व्ही. रामस्वामी अय्यर हे डेप्युटी कलेक्टर होते. याच गृहस्थांनी १९०७ मध्ये भारतीय गणित परिषदेची स्थापना केली होती. परदेशी नियतकालिके एकट्यादुकट्याला परवडत नाहीत, तेव्हा वर्गणी काढून ती आळीपाळीने वाचावी, असा प्रारंभीचा साधा व्यवहार. मराठी वाचकांना ऐकून समाधान वाटेल की या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. पुढे तो संग्रह चेन्नईस आला आणि रामानुजन यांच्याच नावाच्या गणितसंस्थेत ठेवला गेला. तर रामानुजन यांनी डेप्युटी कलेक्टरांकडे मागितले काय? तालुका कचेरीत कारकुनाची जागा. रामस्वामी अय्यर यांनी वह्या चाळल्या आणि जागा दिली नाही. असल्या माणसाला महसुलाच्या दप्तरात पुरावयाचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी मद्रासमधील गणितज्ञ स्नेह्यांच्या नावे पत्रे दिली. अर्ज नाकारणे हे कधीकधी उपकाराचे असते, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

तेथून शेषु अय्यर यांच्या मार्फत रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर दिवाण बहादूर आर. रामचंद्र राव यांच्यापुढे गेले. रामचंद्र राव गणिताचे जाणकार होते. प्रथम त्यांना काहीच उलगडा होईना आणि समोरचा तरुण लबाड आहे की काय, अशी शंकाही येऊन गेली. परंतु त्यांनी त्याला पुन्हा येऊ दिले. सोप्यापासून अवघडापर्यंत वह्या समजावून घेतल्या. आणि शेवटी तुला काय हवे म्हणून विचारले. पोटापुरते मिळावे व काम करावयास मोकळा वेळ मिळावा, एवढीच मागणी होती. कलेक्टरांनी स्वतःच्या खिशातून दरमहा २५ रुपये सुरू केले. ट्रिप्लिकेनमध्ये राहावे आणि गणित करावे. १९११ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात बर्नूली संख्यांवरील त्यांचा पहिला निबंध छापून आला.

दान घेत बसणे मात्र रामानुजन यांना मानवेना. १९१२ च्या आरंभी त्यांनी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काही आठवडे २० रुपयांवर हंगामी काम केले. मग ९ फेब्रुवारीला मद्रास पोर्ट ट्रस्टकडे अर्ज टाकला आणि १ मार्च १९१२ पासून हिशेब शाखेत तिसऱ्या वर्गाच्या चौथ्या श्रेणीचे कारकून म्हणून दरमहा ३० रुपयांवर रुजू झाले. ही श्रेणी वाचून आमच्यासारख्याचे मन हलते. त्या पायरीची उंची किती, तेथून वर पाहताना मान किती मोडावी लागते, हे नोकरदारालाच ठाऊक.

पोर्ट ट्रस्टचे मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर हे गणित परिषदेचे खजिनदार होते. ते वरिष्ठ आणि हा सर्वांत खालचा कारकून. परंतु संध्याकाळी दोघे पाट्या घेऊन बसत व रात्री उशिरापर्यंत गणित चाले. कागद महाग, म्हणून रामानुजन पाटीवर लिहीत आणि कोपराने पुसत. बंदरात माल बांधण्याचा टाकाऊ कागद गोळा करताना लोकांनी त्यांना पाहिले आहे. नारायण अय्यर यांनी ही गोष्ट पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कानांवर घातली. स्प्रिंग हे पेशाने इंजिनियर. त्यांनी कचेरीच्या वेळात गणित करतो म्हणून कारकुनाला जाब विचारला नाही. उलट वर शब्द टाकावयास सुरुवात केली.

१६ जानेवारी १९१३ चे हार्डींना गेलेले पत्र त्यानंतरचे आहे. त्याआधी केंब्रिजच्याच दोन नामांकित प्राध्यापकांना गेलेली पत्रे निष्फळ ठरली होती. हार्डींचे अनुकूल उत्तर फेब्रुवारीत निघाले. त्याच महिन्यात वेधशाळा खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर सिमल्याहून दौऱ्यावर मद्रासला आले. हे स्वतः केंब्रिजचे सीनियर रँग्लर. स्प्रिंग यांनी त्यांना वह्या दाखविल्या. हा विषय आपला नव्हे, असे प्रांजळपणे मान्य करून वॉकर यांनी तरीही विद्यापीठाला लिहिले की या मनुष्यास संशोधनासाठी वेतन द्यावे.

येथे नियम आडवा आला. संशोधनवृत्ती मिळावयाची तर पदव्युत्तर पदवी हवी आणि अर्जदार तर एफ. ए. सुद्धा नापास. सिंडिकेटच्या बैठकीत न्यायमूर्ती पी. आर. सुंदरम् अय्यर यांनी विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रास्ताविकेकडे बोट दाखविले. संशोधनाला उत्तेजन देणे हा ज्या संस्थेच्या स्थापनेचाच एक हेतू, तिला तो हेतू सिद्धीस नेताना पोटनियमाची अडचण कशी सांगता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १ मे १९१३ पासून दोन वर्षे दरमहा ७५ रुपये मंजूर झाले. अट एकच, दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावा.

प्रास्ताविकेचा हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी असताना, रोजंदारीवरील एका मुलाचा अर्ज आमच्या टेबलावर आला होता. जुन्या दप्तरखान्यातील शेकडो फायलींची सूची त्याने कोणी न सांगता तयार केली होती, आणि ती इतकी बिनचूक की वरिष्ठही तीच वापरीत. शैक्षणिक पात्रतेत सूट मिळावी, एवढे त्याचे मागणे. आम्ही नियम पाहिला, नियमात बसत नाही असा शेरा मारला व अर्ज परत केला. शेरा चुकीचा नव्हता. त्या नियमांच्या आरंभी प्रास्ताविका होती की नाही, हे मात्र आम्ही पाहिले नाही. मुलगा पुढच्या महिन्यापासून येईनासा झाला.

केंब्रिजला जाण्यास रामानुजन व त्यांची आई प्रथम राजी नव्हती. समुद्रपर्यटनाचा निषेध तेव्हा घराघरांत होता. १९१४ च्या आरंभी केंब्रिजचे नेव्हिल मद्रासला व्याख्यानांसाठी आले आणि त्यांनी मन वळविले. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ बोटीने रामानुजन निघाले. मद्रासहून सुटणाऱ्या त्या बोटीचे नाव आपल्या ज्ञानेश्वरांच्या नेवाशाची आठवण करून देते, म्हणून सांगितले. त्यात दुसरा अर्थ नाही.

तेथे त्यांनी जे केले त्यांपैकी एकच गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगू, कारण ती आम्हांस कळली असे वाटते. आमची कन्या एम. एस्सी. साठी गणित शिकत होती. ‘ग्रुप थिअरी’ म्हणजे काय, असे आम्ही विचारले, तर तिने जेवणाच्या टेबलावर पाच वाट्या मांडल्या. आम्ही त्या वाट्यांना अधिकारी म्हटले आणि विषय एकदम घरचा झाला.

पाच अधिकारी, पाच खुर्च्या. बदलीचे हुकूम किती प्रकारे काढता येतील? १२०, कोणालाही न हलविण्याचा हुकूम त्यात धरून. एका हुकुमावर दुसरा हुकूम निघाला की परिणाम तिसऱ्याच एखाद्या हुकुमासारखा होतो; प्रत्येक हुकूम उलटा फिरविताही येतो. अशा परिपूर्ण संग्रहाला गणितज्ञ ग्रुप, म्हणजे गट म्हणतात. आता गंमत पाहावी. दोनच हुकूम हाती ठेवावेत. एक, शेजारच्या दोघांची अदलाबदल. दुसरा, सर्वांनी एकेक खुर्ची पुढे सरकावे. हे दोन पुनःपुन्हा, पाहिजे त्या क्रमाने, काढीत गेले तर १२० पैकी कोणताही हुकूम साधतो. दोन हुकुमांतून सारा गट जन्माला येतो, म्हणून त्यांना त्याचे जनक म्हणतात. केवळ दुसराच हुकूम ठेवला तर पाच हुकुमांपलीकडे जाता येत नाही. तो मोठ्या गटाच्या पोटातील लहान गट, म्हणजे उपगट.

उलट बाजूने असेही विचारता येते की लहान लहान उपगट एकत्र करून सारा गट झाकता येईल काय? समजा, एक अधिकारी वशिल्याचा आहे व त्याला कधीच हलवावयाचे नाही. असे हुकूम २४. पाचांपैकी प्रत्येकाला आळीपाळीने वशिला दिला तर अशी पाच पुडकी होतील. ती सर्व मिळून १२० हुकूम पुरे होतात का? होत नाहीत. ज्यांत एकही मनुष्य जागेवर राहत नाही असे ४४ हुकूम बाहेर उरतात. झॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाने १८७२ मध्ये दाखविले की ही अडचण केवळ या पुडक्यांची नाही. कोणत्याही सांत गटात एक अपुरा उपगट घेतला आणि नुसती नावे बदलून निघणाऱ्या त्याच्या सर्व प्रती जमविल्या, तरी सारा गट कधीच झाकला जात नाही. सर्वांच्या बदल्या करणारा हुकूम कोठेतरी असतोच, हे आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना गणिताशिवायही पटेल.

बाहेर कोणते उरले हे पाहावयाचे तर १२० हुकूम तपासावे लागत नाहीत. त्यांचे प्रकार तपासले की पुरते. हुकुमात माणसे मंडलांनी फिरतात: दोघांचे मंडल, तिघांचे मंडल, एखादा जागच्या जागी. तेव्हा प्रकार म्हणजे पाच ही संख्या तुकड्यांत मांडण्याच्या रीती. ५, ४ आणि १, ३ आणि २, ३, १, १, २, २, १, २, १, १, १, आणि पाच वेळा १. एकूण सात. वरील पाच पुडक्यांबाहेर यांपैकी दोनच प्रकार राहतात, पाचांचे एक मंडल आणि तीन-दोनची जोडी. पहिल्याचे २४ हुकूम, दुसऱ्याचे २०.

पाचाचे प्रकार सात, दहाचे ४२, शंभराचे १९,०५,६९,२९२. दोनशेचे किती? या आकड्यांना ठरीव चाल दिसत नव्हती. गटांचा अभ्यास हा रामानुजन यांचा विषय नव्हता. ते संख्यांच्या वाटेने येथे आले. त्यांनी व हार्डींनी मिळून या प्रकारांची संख्या काढणारे सूत्र रचले व १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. पडताळ्यासाठी मेजर मॅकमहन यांनी २०० पर्यंतचे कोष्टक हाताने बनविले होते. हे तोफखान्यातील निवृत्त अधिकारी, म्हणजे पुन्हा सरकारी नोकरच. सूत्राची पहिली आठ पदे मिळवून जो आकडा आला, तो मेजरसाहेबांच्या ३९,७२,९९,९०,२९,३८८ या आकड्यापासून चार सहस्रांश एवढाच ढळला. याच कोष्टकाकडे पाहून रामानुजन यांना दिसले की चार, नऊ, चौदा अशा, शेवटी ४ किंवा ९ असलेल्या संख्यांच्या प्रकारांना पाचाने नेहमी भाग जातो: ५, ३०, १३५. कोष्टक अनेकांपुढे असते. हिशेब शाखेतील मनुष्याने ते निराळ्या डोळ्यांनी वाचले असेल, असे आम्ही आमच्या समाधानासाठी मानतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनाबद्दल बी. ए. दिली. महायुद्ध चालू, शाकाहारी मनुष्य, स्वयंपाक स्वतःचा, जेवणाच्या वेळांना धरबंध नाही. १९१७ पासून रुग्णालये सुरू झाली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद व ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले. मद्रास विद्यापीठाने वर्षाला अडीचशे पौंड देऊ केले, तेव्हा एवढी रक्कम आपल्या गरजेहून अधिक आहे, आईवडिलांचे भागवून उरलेले गरीब मुलांच्या शिक्षणास लावावे, असे त्यांनी कळविले. २७ मार्च १९१९ रोजी ते मुंबईच्या बंदरात उतरले. आई नेण्यास आली होती. त्यांनी पहिली चौकशी केली ती जानकींची. घरच्या कुरबुरींमुळे त्या आल्या नव्हत्या. २६ एप्रिल १९२० रोजी, चेटपेट येथे, बत्तीस वर्षांचे असताना ते वारले. शेवटच्या महिन्यांत अंथरुणावर पडून लिहिलेले कागद केंब्रिजच्या ग्रंथालयात १९७६ मध्ये अँड्र्यूज या अमेरिकन गणितज्ञास सापडले, आणि त्यांतील काही सूत्रांचे नाते अलीकडे मोठमोठ्या सांत गटांशी जुळले आहे, असे कन्या सांगते. ते आमच्या आवाक्याबाहेरचे.

जानकीअम्माळ यांच्याविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. वैधव्य आले तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे राहिल्या, तेथे शिवणकाम शिकल्या, थोडे इंग्रजी शिकल्या. आपण मराठी माणसे पोटासाठी मद्रासला आलो; ही मद्रासची बाई उमेद मिळवावयास मुंबईला गेली होती. मग परत येऊन ट्रिप्लिकेनमध्ये त्यांनी घर केले, शिवणाच्या यंत्रावर आणि लहानशा निवृत्तिवेतनावर संसार चालविला, एका पोरक्या मुलाला वाढविले. पतीचा पुतळा उभारण्याचे आश्वासन मिळाले होते, तो कोठे दिसत नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखविली. ती अमेरिकेतील ॲस्की या गणितज्ञाच्या कानांवर गेली. त्यांनी देशोदेशींच्या गणितज्ञांकडून वर्गणी जमविली व ग्रॅनलंड या शिल्पकाराकडून ब्राँझचा अर्धपुतळा करवून घेतला. त्याची एक प्रत जानकीअम्माळ यांच्या घरी पोहोचली. १३ एप्रिल १९९४ रोजी त्या वारल्या, तोवर तो पुतळा त्यांच्याजवळ होता.